धाकट्याचं विमान

‘‘समजावून सांग बरं त्या लेकराला. तुझंच ऐकतंय ते.’’ हिंगोलीहून आईचा फोन. लेकरू म्हणजे आमचा धाकटा, वय वर्षं १९. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. साहेबांनी परवा जाहीर केलं, ‘‘डिग्री झाली की एअरफोर्सची परीक्षा देणार. मला फायटर पायलट व्हायचंय.’’ बाबा गप्प. आईने औंढ्या नागनाथाला साकडं घातलंय. आणि मी पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून त्याला काय कप्पाळ समजावणार?

तेवढ्यात एक विमान आठवलं. कंपनीने लंडनला पाठवलं होतं, तेव्हा एका रविवारी हेंडनच्या हवाई दल म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे पहिल्या महायुद्धातलं एक बॉम्बर होतं, डीएच नाइन ए. नाकावर चक्क हैदराबादच्या निजामाचं नाव! १९१८ मध्ये ब्रिटिशांच्या ११० नंबर स्क्वाड्रनला निजामाने विमानं भेट दिली होती, त्यातलं हे एक. आपलं हिंगोली तेव्हा निजामाच्याच राज्यात. म्हणजे पणजोबांच्या शेतसाऱ्यातला एखादा आणा त्या पंखांत असणारच की!

तेव्हापासून त्या काळच्या पायलटांबद्दल, खास करून फायटरवाल्यांबद्दल, मिळेल ते वाचतोय. सिनेमात त्यांचा स्कार्फ झोकात उडतो. खरं रुटीन ऐका. पहाटे अंधारात उठायचं. कॉकपिट उघडं. पंधरा-सोळा हजार फुटांवर हाडं गोठवणारी थंडी, ऑक्सिजन नाही. तोंडाला चरबी फासायची. ‘कॅमल’ विमानाच्या इंजिनात एरंडेल. हो, आजी नाक दाबून पाजायची तेच! त्याचे फवारे पायलटच्या तोंडावर यायचे आणि पोट बिघडायचं. आणि पॅराशूट? ब्रिटिश फायटर पायलटांना ते अख्खं युद्ध मिळालंच नाही. संध्याकाळी मेसमध्ये ग्रामोफोन लागायचा. सकाळी सोबत नाश्ता केलेला एखादा जण तिथे नसायचा.

यात आपलीही पोरं होती. हरदितसिंग मलिक पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट घालून कॅमल उडवायचे. २६ ऑक्टोबर १९१७ ला पायात गोळ्या लागल्या, तरी विमान आपल्या हद्दीत आणलं. पुढे १९८५ पर्यंत जगले. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिनकर मात्र जून १९१८ मध्ये गेले, कबर फ्रान्समध्येच आहे. आणि कोलकात्याचा इंद्रलाल रॉय. जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत १० विजय नोंदवले. २२ जुलैला तो पडला. वय? १९.

रात्री धाकट्याला फोन लावला. लेक्चर दिलं नाही. थंडी, एरंडेल, मेसमधली ती संध्याकाळ, सगळं सांगितलं. म्हटलं, आता घाबरेल.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘दादा, आता पॅराशूट देतात रे.’’

दोघंही हसलो. मग जरा वेळ कुणीच बोललं नाही. ‘‘अभ्यास कर मग नीट,’’ एवढंच मला सुचलं.

आता आईला फोन करायचाय. लेकरू ऐकत नाही, म्हणून सांगेन. निजामाच्या विमानाचं सांगेन, एरंडेलाचं सांगून हसवेनही. इंद्रलालचं वय तेवढं सांगणार नाही.