प्राणहितेच्या काठावर

विदर्भाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या आम्हां लोकांना समुद्र फार लांब. पण अफाट पाणी, उंच काठ आणि पलीकडे दुसरा मुलूख पाहायची ओढ लागली, की मी गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याची वाट धरतो. आलापल्लीचं सागवान मागे पडतं, पाट्यांवरची गावांची नावं तेलुगू वळणाची होऊ लागतात आणि मग प्राणहिता दिसते. चपराळ्यापाशी वर्धा नि वैनगंगा एक होऊन निघालेली ही नदी इथवर येताना एवढी रुंदावते की पलीकडची माणसं नुसती हलती टिंबं वाटावीत. समोर तेलंगण, थोडं खाली गोदावरीचा संगम आणि काळेश्वराचं देऊळ. ब्रिटिशांनी आपलं विश्रामगृह याच काठावर का बांधलं असेल, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

हे देखणेपण डोळ्यांना आपसूक मिळतं. याच सिरोंचा तालुक्यातल्या वडधमच्या जीवाश्म उद्यानात मात्र डोळ्यांना शिकावं लागतं. पहिल्या नजरेला तिथे आडवे पडलेले खोडांचे ओंडके दिसतात. हात लावला की गार, जड दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी ही झाडं गाळाखाली दबली; पाण्यातून झिरपलेली सिलिका लाकडाच्या कणाकणाची जागा घेत गेली आणि लाकूड सरलं तरी त्याची ठेवण तशीच राहिली. आपण ज्याला प्राचीन म्हणतो ती मार्कंड्याची देवळंही यांच्यापुढे कालची.

प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावाचं नाव तर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. इथल्या ज्युरासिक खडकांच्या थराला 'कोटा' हेच नाव आहे. त्यात मासे सापडले आणि पोचमपल्लीजवळ एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं सापडली. एकट्या मांडीचं हाड 1.7 मीटर, उभ्या माणसाएवढं! भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी ती उकरून काढली. हाडं हाती लागली ते 1961 हे रवींद्रनाथ टागोरांचं जन्मशताब्दी वर्ष. त्यांच्या स्मरणार्थ या प्राण्याला 'बारापासॉरस टागोराय' हे नाव 1975 मध्ये मिळालं. सांगाडा कोलकात्याला त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

संशोधकांचे कष्ट थोरच. त्यांनी जपली म्हणून ती हाडं वाचली. तरी मला सिरोंच्याच्या पोरांची आठवण होते. मिरचीच्या शेतात, तेंदूपत्त्याच्या फळीवर आईबापांसोबत राबणाऱ्या या मुलांना आपल्या मातीतला हा प्राणी पाहायचा तर अर्धा देश ओलांडावा लागतो. गडचिरोली 1982 मध्ये चंद्रपुरापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हापासून बाहेरच्या जगाने त्याची ओळख दोनच शब्दांत ठेवली: मागास आणि नक्षलग्रस्त. पोरंही तेच ऐकत मोठी होतात. त्याच पोरांच्या पायांखाली पृथ्वीच्या इतिहासाचं अस्सल पान आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. या सांगाड्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती सिरोंच्यात उभी राहावी. शाळांच्या सहली आधी इथे याव्यात. गावातल्याच तरुणांना हे खडक वाचायला शिकवावं आणि त्यांनीच तेलुगूत, माडियात, मराठीत पाहुण्यांना ते समजावून सांगावेत. आणि आपण जाणाऱ्यांनी एकही तुकडा खिशात घालू नये. जागेवरून उचललेला जीवाश्म मुका होतो. तो कोणत्या थरातला, कुणाच्या शेजारचा, हे मग कुणालाच सांगता येत नाही.