कालव्याचे दार

वसमत तालुक्यात ज्याच्या घरी हळद नाही, त्याच्या घरी निदान हळदीविषयीचा सल्ला तरी असतोच. आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे अण्णांचा, आजार गेल्या वर्षी श्रावणात उलटला, तेव्हा ही गोष्ट मला पुरेपूर कळून चुकली. "घरात पोत्यानं औषध पडलंय, अन् नांदेडला कशाला जायलाव?" असे विचारणारे एकदोन गृहस्थ सकाळच्या चहालाच हजर होत. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. पण मानांकन हळदीला मिळाले; शेजाऱ्यांच्या वैद्यकीला नव्हे.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. परंतु ज्या आजाराचे नाव घ्यायला घरातली वडील माणसे लाजतात, तो त्या लाजेच्या आडोशानेच वाढतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आजार प्रोस्टेटच्या कर्करोगाचा. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते, तिचा. आठ वर्षांपूर्वी अण्णांनी किरणोपचार घेतले, बरे झाले, आणि पुन्हा पहाटे पाच वाजता शेतात दिसू लागले. रक्तातल्या पी.एस.ए. नावाच्या द्रव्याची तपासणी मात्र चालू होती. हा आकडा खाली ०.३ पर्यंत गेला होता, तो हळूहळू ३ वर आला आणि पुढच्या सहा महिन्यांत ६ झाला. स्कॅनमध्ये हाडांत वा अन्यत्र कुठे काही दिसले नाही. अण्णांना काही दुखतखुपत नव्हते. दुप्पट होणारा तो आकडा तेवढा सांगत होता की, पाहुणा परत आला आहे आणि अंगणात उभा आहे.

नांदेडच्या डॉक्टरांनी दोन औषधे एकदम सुचवली. एक, तीन महिन्यांनी घ्यायचे ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन; दुसरे, एन्झालुटामाइड, ते रोज तोंडाने घ्यायचे. प्रोस्टेटच्या या पेशी पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरोन या संप्रेरकावर पोसतात. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली हे सिद्ध केले आणि त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. (त्याच १९४१ साली आपल्या मुंबईत परळला टाटा रुग्णालय सुरू झाले. योगायोग खरा, पण मला तो आवडतो.) हगिन्सच्या काळी हे संप्रेरक थांबवायचे म्हणजे शस्त्रक्रियेने वृषण काढून टाकायचे. आता तेच काम इंजेक्शन करते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीकडून जो हुकूम सुटतो, तोच ते बंद पाडते.

हे सारे मी अण्णांना सांगितले ते आमच्या भाषेत. म्हटले, "अण्णा, सिद्धेश्वर धरणाचं दार बंद केलं की कालवा आटतो. इंजेक्शन म्हणजे ते दार. पण दार बंद असलं तरी पाझर राहतोच, आणि हराळी तेवढ्यावरही जगते. गोळी आहे ती हराळीच्या मुळाचं तोंडच बांधायला." अण्णांनी आयुष्यभर कालव्याच्या पाण्याची पाळी धरली आहे, त्यांना पटायला वेळ लागला नाही. दोन्ही औषधे मिळून कितपत गुण येतो, हेही डॉक्टरांनी समजावले होते. १७ देशांतल्या १,०६८ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासाचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. सगळे अण्णांसारखेच, आजार परतलेला, आकडा झपाट्याने चढणारा, पण शरीरात अन्यत्र काही न दिसणारा. नुसते इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे ७१ जण पाच वर्षे रोग इतरत्र न पसरता राहिले. दोन्ही घेणाऱ्यांपैकी सुमारे ८७.

अण्णांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नको."

का ते सांगेनात. खर्च म्हणावा तर तो प्रश्न आम्ही आधीच सोडवला होता. चार दिवसांनी, दोघेच शेताकडे चाललो असताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गोऱ्ह्याला खच्ची करतात, तसंच की हे. या वयात मला बैल करायलेत."

मी निरुत्तर झालो. कारण ते खोटे नव्हते. या उपचाराने पुरुषाची इच्छा मावळते, स्नायू सैल पडतात, हाडे ठिसूळ होतात, अंगात एकाएकी उष्णतेच्या लाटा येतात. डॉक्टरांनी काहीच लपवले नव्हते. सत्तरीच्या माणसाला आता त्याचे काय, असे आपण सहज म्हणतो. सत्तरीचा माणूस तसे म्हणत नाही.

मी घाबरत घाबरत वहिनींच्या कानावर घातले. वाटले, त्या संकोचतील. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "भाऊजी, पोळ्याला आपण कुणाला पुजतो? वळूला का बैलाला?" मग ताटातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "सांगा त्यांना. नाहीतर राहू द्या, मीच सांगते."

त्या काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी मी ते इथे लिहिले नसते. पोळा चार दिवसांवर होता. पोळ्याच्या संध्याकाळी अण्णांनी नेहमीप्रमाणे बैलांच्या शिंगांना स्वतःच रंग दिला, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारले, "नांदेडची गाडी किती वाजता काढतोस?"

दसऱ्यापूर्वी पहिले इंजेक्शन झाले. दिवाळीपर्यंत लाटा सुरू झाल्या. भर थंडीत सदरा काढून अण्णा ओसरीवर येऊन बसत. तोंड लाल, मानेवर घाम. वहिनींनी त्यांना कधी विचारले नाही की काय होते आहे. त्या नुसता पंखा आणून ठेवत. एकदा अण्णाच म्हणाले, "अगं, हे असं किती दिवस चालतं?" वहिनी म्हणाल्या, "माझं सहा वर्षं चाललं." अण्णा बराच वेळ गप्प होते. त्या सहा वर्षांत याच घरात राहून आम्हां दोघा भावांना त्याचा पत्ताही नव्हता. आम्हांला वाटे, वहिनी हल्ली चिडचिड करतात.

बाकी दिवस औषधे, कॅल्शियम आणि रोजचे चालणे यांत गेले. तोल जाऊ नये म्हणून काठी आली. ती त्यांनी महिनाभर घरात लपवून ठेवली. हळदीबद्दलही डॉक्टरांना विचारून घेतले. भाजीतली खुशाल खा, म्हणाले. पण चूर्ण आणि कॅप्सूल माझ्या परवानगीशिवाय नको. चहाला येणाऱ्या गृहस्थांना हे काही रुचले नाही. असो.

छत्तीस आठवड्यांनी, पेरणीच्या सुमारास, तपासणी झाली. आकडा ०.२ च्या खाली होता, आणि इतका खाली गेला तर औषधे काही काळ थांबवता येतात. त्याप्रमाणे डॉक्टरांनी दोन्ही थांबवली. याला बरे झाले म्हणत नाहीत. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे. आकडा ५ वर गेला की पुन्हा दार बंद, पुन्हा गोळी. अण्णा या काळाला "उघडीप" म्हणतात.

औषध थांबले तरी लाटा लगेच थांबत नाहीत. परवा लक्ष्मीपूजनाच्या सामानाची यादी करत आम्ही ओसरीवर बसलो होतो. अण्णांना लाट आली. ते पंखा वारू लागले. शेजारी वहिनी चकल्या तळून नुकत्याच बाहेर येऊन टेकल्या होत्या. अण्णांनी दोनचार वेळा स्वतःला वारा घेतला, आणि मग काही न बोलता पंख्याचा हात त्यांच्याकडे वळवला.