एकशे अकराव्या रस्त्याचं स्टेशन

शिकागोला आलेला प्रवासी सरोवराकाठचं मिलेनियम पार्क पाहतो, एखाद्या गगनचुंबी इमारतीच्या काचेच्या सज्जात उभा राहतो आणि परततो. या दोन्हींना अर्धा दिवस पुरे. त्याच पार्कखालच्या स्टेशनातून दक्षिणेकडची लोकल धरली आणि एकशे अकराव्या रस्त्यावर उतरलं, की पुलमन लागतं. प्रवाशांसाठी लिहिलेली पुस्तकं त्याला ‘आदर्श गाव’ म्हणून दोन ओळींत उरकतात, हे मनापासून खटकतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले कारखाने आणि रेल्वे भरभराटीला आल्या त्या सरकार मध्ये न पडल्यामुळे, ही समजूत पारखायला याहून चांगली जागा नाही. सुरुवात रुळांपासूनच करावी. ही लाइन मूळची इलिनॉय सेंट्रलची. सेनेटर स्टीफन डग्लस यांच्या खटपटीने १८५० साली काँग्रेसने कायदा केला आणि राज्यामार्फत सुमारे २६ लाख एकर सरकारी जमीन या कंपनीच्या पदरात पडली. त्या जमिनीच्या जोरावर भांडवल उभं राहिलं आणि रूळ पडले.

स्टेशनापासून थोडं चाललं की घड्याळाचा मनोरा दिसतो. १९९८च्या आगीनंतर तो पुन्हा उभारलेला आहे. जॉर्ज पुलमन यांची कंपनी रेल्वेचे आलिशान शयन-डबे बांधायची, आणि १८८० पासून त्यांनी कामगारांसाठी हे अख्खं गाव वसवलं. वास्तुकार सोलोन बीमन. लाल विटांच्या घरांच्या रांगा आजही नांदत्या आहेत. घरात पाणी आणि गॅस, बाहेर झाडं, सांडपाण्याची नीट सोय; त्या काळच्या शिकागोत कामगारांच्या वाट्याला हे क्वचितच यायचं. पुलमन यांची बाजू घेणारे इथूनच बोलायला लागतात आणि इतपत त्यांचं म्हणणं खरं आहे. पण हिरवट दगडाच्या चर्चसमोर जरा थांबावं. गावातल्या गुंतवणुकीवर सहा टक्के सुटले पाहिजेत, हा मालकांचा हिशेब चर्चलाही लागू होता. भाडं परवडेना म्हणून ही देखणी वास्तू सुरुवातीची काही वर्षं रिकामीच राहिली. कामगाराला राहतं घर विकत घ्यायची मुभा नव्हती. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड एली यांनी १८८५ सालीच या व्यवस्थेला सरंजामशाहीच्या पंगतीला बसवलं होतं.

१८९३च्या मंदीत मजुरी सरासरी पाव हिश्शाने उतरली, घरभाडं मात्र होतं तेवढंच राहिलं. यावर उत्तर असं दिलं जातं, की डब्यांना मागणीच नव्हती, पुलमन यांनी तोट्यातली कंत्राटं घेऊन कारखाना चालू ठेवला. मालकाने आणखी काय करायचं? तशी कंत्राटं त्यांनी घेतली होती, यात वाद नाही. पण संपानंतरच्या सरकारी चौकशी आयोगापुढे आलेले आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहावेत. जुलै १८९३ला संपलेल्या वर्षात कंपनीने मजुरीपोटी ७२ लाख डॉलर दिले आणि लाभांशापोटी २५ लाख. पुढच्या वर्षी मजुरी ४५ लाखांच्या आत आली आणि लाभांश २९ लाखांच्या घरात गेला. तोटा झाला असेल, पण त्याची झळ भागधारकांपर्यंत पोचली नाही. मे १८९४मध्ये कामगार बाहेर पडले ते यामुळे.

जूनअखेर यूजीन डेब्ज यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार घातला आणि वॉशिंग्टन जागं झालं. ॲटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे स्वतः रेल्वे कंपन्यांचे वकील होते. शिकागोसाठी त्यांनी नेमलेला खास सरकारी वकीलही रेल्वेचाच. कोर्टाचा मनाई हुकूम आला, पाठोपाठ अध्यक्ष क्लीव्हलँड यांची फौज. इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी ती मागितली नव्हती, उलट कडक निषेध नोंदवला. टपाल अडलं होतं, हे फौजेचं समर्थन. पण पुलमनचे डबे वगळले तर टपालगाड्या चालवायला युनियन तयार होती. ते डबे सोडायला कंपन्या तयार नव्हत्या. जाळपोळ झाली आणि ती वाईटच, मात्र मालडब्यांच्या मोठ्या आगी फौज आल्यानंतरच्या आहेत. सगळ्यात बोलकी गोष्ट डेप्युटी मार्शलांची. असे सुमारे ३,६०० जण रेल्वे कंपन्यांनी निवडले, त्यांना हत्यारं आणि पगार कंपन्यांनी दिला, अधिकार मात्र संघराज्याचा. इतिहासकार आल्फ्रेड चँडलर या रेल्वेंच्या यशाचं श्रेय पगारी व्यवस्थापकांच्या शिस्तशीर कारभाराला देतात. ती शिस्त खरी होती. पण जुलै १८९४मध्ये गाड्या हलल्या त्या त्या शिस्तीने नव्हे, सरकारच्या बळावर. रेल्वे सरकारी मदतीच्या टेकूवर वाढल्या, हे रिचर्ड व्हाइट यांचं प्रतिपादन म्हणूनच अधिक पटतं. युनियनही निर्दोष नव्हती. पुलमनच्या डब्यांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांना तिने दारातच अडवलं. त्यांच्या लढ्याचं संग्रहालय याच वस्तीत आहे आणि ते चुकवू नये.

डबे बांधायला काढलेल्या कंपनीला गावाची मालकी ठेवता येणार नाही, असा निकाल इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली दिला आणि घरं विकावी लागली. तो निकाल ऐकायला पुलमन नव्हते. शहराच्या उत्तरेला ग्रेसलँड दफनभूमी आहे. १८९७ साली तिथे, कामगार थडगं उकरतील या भीतीने, त्यांची शवपेटी काँक्रीटमध्ये गाडून वर पोलादी रूळ टाकले गेले. आज वर फक्त एक उंच, नक्षीदार खांब दिसतो. १८९६ची निवडणूक हरलेले आल्टगेल्डही याच दफनभूमीत आहेत.