नदीवरचे कॅप्टन सामंत

नौदलाचा विषय निघाला की आपण गोंयकार 1961 च्या डिसेंबरपाशी येऊन थांबतो. अंजदीव, मुरगाव बंदर, ती पोर्तुगीज आल्बुकर्क. पण त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, दुसऱ्या एका डिसेंबरात, एक सामंत आणि एक नोरोन्हा मिळून लढले, ते मात्र आपल्या गप्पांत कधी येत नाहीत. आडनावं तरी आपल्याच वाड्यावरची वाटावीत अशी!

मोहन नारायण राव सामंत हे पाणबुडीवाले. 1969 साली रिगा बंदरात 'करंज' नौदलात दाखल झाली, तिचे पहिले कप्तान तेच. अशा माणसाला 1971 मध्ये काम मिळालं ते बंगालच्या गढूळ नद्यांत. पाकिस्तानच्या 'मांग्रो' पाणबुडीवरचे आठ बंगाली खलाशी फ्रान्समधून निसटून भारतात आले होते. तिथून सुरुवात झाली. प्लासीजवळ भागीरथीकाठी छावणी पडली आणि विद्यार्थी, शेतकऱ्यांची पोरं पोहायला, बुडी मारायला शिकू लागली. छातीला गमछाने सुरुंग बांधायचा, काळोखात जहाजापर्यंत पोहत जायचं आणि तो बुडाला चिकटवून परत फिरायचं. हल्ल्याची खूण? आकाशवाणी कोलकात्यावर लागणारी ठरलेली बंगाली गाणी. 14 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज अशा चार बंदरांत एकदम स्फोट झाले. हे सगळं गुप्त, त्यामुळे कौतुकही गुप्तच.

डिसेंबरात सामंत स्वतः निघाले. कोलकाता बंदराच्या दोन बोटींवर तोफा बसवून केलेल्या 'पद्मा' आणि 'पलाश', आणि सोबत नौदलाची 'पनवेल', कप्तान लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा. 10 डिसेंबरला मोंगला घेऊन खुलन्यापाशी पोचले, आणि वरून आपल्याच नॅट विमानांनी शत्रू समजून हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या. पलाशवरचे रुहुल अमीन त्यात गेले. बांगलादेशाने पुढे त्यांना 'बीर श्रेष्ठ' म्हटलं. मला सामंत मोठे वाटतात ते या घटकेला. आपल्याच माणसांनी मारलेलं, किनाऱ्यावरून शत्रूची गोळी, तरी पनवेलवरून त्यांनी पाण्यातले लोक उचलले आणि लढत राहिले.

सामंत आणि नोरोन्हा, दोघांनाही महावीरचक्र मिळालं. ही हकीकत सविस्तर सांगणारं पुस्तक, संदीप उन्नीथन यांच्यासोबत लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स', 2019 साली आलं. सामंत त्याच वर्षी 20 मार्चला मुंबईत वारले, 89 व्या वर्षी.