कॅशलेस की कॅश?



हॉस्पिटलच्या काउंटरवर काय दुखतंय याच्याही आधी हा प्रश्न येतो. बिल किती होणार, ते बरंचसं त्याच्या उत्तरावर ठरतं.

एकाच ऑपरेशनला एकच भाव नसतो. विमा कंपन्या हॉस्पिटलांशी आधीच बोलून पॅकेज ठरवून घेतात. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांनी तर मिळून हॉस्पिटलांचं जाळं केलं आहे; तिथे अनेक ऑपरेशनांचे दर ठरलेले असतात. ज्याचा विमा नाही त्याच्या हाती छापील दरपत्रक येतं. त्याच्या वतीने घासाघीस करायला कोणी नसतं.

खोलीचंही बघा. बऱ्याच ठिकाणी खोली महाग घेतली की डॉक्टरांची व्हिजिट आणि ऑपरेशनची फीसुद्धा वाढते. समजा, पॉलिसीत दिवसाच्या भाड्याची मर्यादा 4000 रुपये आहे आणि आपण 8000 ची खोली घेतली. मग अशा पॉलिसीत भाड्याबरोबर त्या फीचेही निम्मेच पैसे मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावायची नाही, असं आयआरडीएआयने 2020 मध्ये सांगितलं. म्हणून दाखल होण्याआधी पॉलिसीतली ही ओळ शोधून वाचा आणि खर्चाचा अंदाज लेखी मागा.

गेल्या वर्षी सासूबाईंना चक्कर येत होती. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. दाखल व्हायची गरज नव्हती. आमच्या पॉलिसीत नुसत्या तपासणीचे पैसे मिळत नाहीत. डेस्कवरची मुलगी हळूच म्हणाली, "कागदावर एक रात्र अ‍ॅडमिट दाखवू, क्लेम बसेल." सासूबाई म्हणाल्या, "अगं बाळा, जी रात्र मी इथे राहणारच नाही, तिच्यावर सही कशी करू?" पैसे आम्ही भरले. त्या महिन्यात घरखर्चाची ओढाताण झाली, हे खरं.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटं वजन-माप येतं. ते फक्त दुकानातल्या तराजूपुरतं आहे, असं मला वाटत नाही. कंपनीचे पैसे म्हणजे आपल्यासारख्याच घरांचे हप्ते. अशा खोट्या रात्री साठत गेल्या की हप्ते वाढतात. मग ज्याला हप्ता झेपत नाही तो विमा सोडतो, आणि आजारपणात त्या छापील दरपत्रकापुढे एकटा उभा राहतो.