तो त्या गल्लीत गेलाच कशाला?

आमच्या आजीचा एक साधा नियम आहे. नीतिसूत्रांचे अध्याय 31, महिन्याचे दिवसही फार तर 31. म्हणून ज्या दिवशी जी तारीख, तो अध्याय वाचायचा. एखादा दिवस चुकला तरी पुढे कुठून सुरू करायचं हा प्रश्नच नाही. इंजिनिअर म्हणून मला ही सिस्टीम कायम आवडायची. वाचायला मात्र मी कधी बसलो नव्हतो.

आजी वाशिमच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल, नाझरीन मिशनचं. 1930च्या दशकात ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ते सुरू केलं. आजी नर्सिंग तिथेच शिकली. आता ऐंशी पार केलीय, भिंग धरून वाचते.

7 जून 2025. शनिवार होता. रात्रभराच्या ट्रॅव्हल्सने मी सकाळी पुण्याहून घरी पोचलो होतो. पाऊस लागायच्या आत मागच्या खोलीवर स्लॅब टाकायचा होता. त्यासाठी दोन वर्षं साठवलेले 2 लाख 40 हजार माझ्या खात्यात आहेत, असं बाबा धरून चालले होते. खात्यात 11 हजार होते. बाकीचे आयपीएलच्या दोन महिन्यांत क्रिकेटच्या एका ॲपवर गेले होते. सुरुवात 49 रुपयांपासून झाली होती.

संध्याकाळी आजी म्हणाली, "बापू, भिंग सापडून नाई राह्यलं. आज तूच वाच."

तारीख सात, म्हणून सातवा अध्याय. एक माणूस खिडकीच्या जाळीतून रस्त्याकडे बघतोय. अंधार पडत आलाय. एक भोळा तरुण एका बाईच्या घराच्या कोपऱ्यावरून चाललाय. ती येते, गोड बोलते, नवरा लांबच्या प्रवासाला गेलाय म्हणून सांगते. तो तिच्यामागे जातो, कत्तलीला निघालेल्या बैलासारखा. मोहाला बाईचं रूप दिलेलं आज खटकतं. पण याच पुस्तकात पुढच्याच अध्यायात शहाणपणही बाई होऊन चौकात उभं राहतं आणि हाका मारतं.

वाचून झालं. आजीने विचारलं, "पोरगा कुठं चुकला, सांग."

"तिचं ऐकलं तिथे."

"नाई रे. आयकलं तर त्यानं मंग. संध्याकाळचा तो त्या गल्लीत गेलाच काहून?"

मला माझी गल्ली दिसली. संध्याकाळचे सव्वासात, टॉस झालेला, फ्लॅटवरचा सोफा, हातात फोन, नोटिफिकेशन. मी रोज ठरवायचो की आज पैसे लावायचे नाहीत, आणि रोज त्याच वेळी त्याच सोफ्यावर बसायचो. खरं तर ते नोटिफिकेशन कसं बनतं, हे मला माहीत होतं. कोणत्या वेळी, कोणत्या शब्दांत पाठवलं की जास्त लोक ॲप उघडतात, याच्या चाचण्या मी नोकरीत स्वतः केल्यात. तरी मला वाटायचं, ऐन वेळी माझी इच्छाशक्ती त्याला पुरून उरेल.

त्या रात्री मी पुढे वाचत बसलो. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ मालकाच्या बायकोशी वाद घालत नाही. अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळतो. येशू 40 दिवस उपाशी असताना सैतान त्याला तीनदा मोह घालतो. तिन्ही वेळा येशू अनुवादाच्या पुस्तकातलं एकेक वचन सांगतो, म्हणजे जे आधीपासून पाठ होतं ते. 119वं स्तोत्र तर सगळं नियमशास्त्रावरच आहे. 176 ओव्या, हिब्रूच्या 22 अक्षरांना प्रत्येकी आठ. अक्षरांच्या या क्रमाने ते पाठ करायलाही सोपं जात असणार. देवाचा नियम म्हणजे मोडला की शिक्षा, एवढंच मी धरून चाललो होतो. आता वाटतं, डोकं ठिकाणावर असताना ठरवून ठेवलेला रस्ता म्हणजे नियम. मोह समोर आल्यावर रस्ता शोधत बसायला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर मी बाबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. बराच वेळ त्या खोलीच्या गळक्या पत्र्याकडे बघत राहिले, मग ताडपत्री आणायला गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आणणारा कायदा केला. ॲपमधले पैशांचे खेळ बंद झाले. मला हायसं वाटलं आणि आठवड्याभरातच माझा हात दुसरं काहीतरी शोधायला लागला. याकोबाच्या पत्रात हेच आहे. देव कुणाला मोहात पाडत नाही, माणसाला त्याचीच वासना ओढून नेते. सरकार ॲप बंद करू शकतं. सव्वासातला सोफ्यावरून उठायचं काम माझंच आहे.

आता पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच दिवशी बाबांच्या खात्यात जाते. मॅचच्या वेळी मी फोन घरी ठेवून चालायला जातो. दोनदा अर्ध्यातून परत आलोय, हेही सांगायला हवं. स्लॅब अजून व्हायचाय. दर सात तारखेला आजीचा फोन येतो, भिंग सापडत नाही म्हणून. भिंग तिच्या उशाखाली असतं, हे आईने मला केव्हाच सांगितलंय.