पांच मोसमांचा संघ

नातवंडांच्या आग्रहास्तव गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं आम्हीं एक अमेरिकन माहितीपट पाहिला. बेसबॉल हा खेळ आम्हांस मुळींच ठाऊक नाहीं. चेंडू दांडक्यानें टोलवावयाचा आणि चौकोनाचे चारी कोपरे गांठून फेरी पुरी करावयाची, एवढेंच धाकट्या नातवानें सांगितलें. परंतु त्यांतील गोष्ट मनांत घर करून राहिली, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

ऑरेगन संस्थानांतील पोर्टलंड शहरीं बीव्हर्स नांवाचा जुना संघ होता. १९७२ च्या मोसमानंतर तो दुसऱ्या गांवीं गेला व तेथील मैदान ओकें पडलें. त्या देशांत लहान संघांपैकीं बहुतेकांस एखाद्या बड्या संघाचा आश्रय असतो; खेळाडू त्याचे, वेतनहि त्याचेंच, आणि जो चमकेल त्यास तोच वर नेतो. बिंग रसेल नामक एका नटानें मात्र १९७३ सालीं कोणाच्याहि आश्रयावांचून आपला संघ उभा केला. त्याचें नांव मॅव्हरिक्स, म्हणजे मालकाचा डाग न दिलेलीं वासरें! इतरांनीं टाकून दिलेले खेळाडू निवडीसाठीं लांबलांबून आले. आपल्या पुस्तकांत खेळाडूंच्या जगांतील आंतल्या गोष्टी उघड केल्यामुळें बड्यांच्या रोषास पात्र झालेला जिम बाउटनहि १९७५ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, येथें येऊन खेळला. आणि १९७८ सालीं पुन्हां वरच्या श्रेणींत जाऊन पोहोंचला.

१९७७ सालीं या संघानें ६६ पैकीं ४४ सामने जिंकले. अंतिम फेरींत तो बेलिंगहॅमकडून हरला, तरी मैदान भरून वाहत होतें. तें पाहून वरच्या लीगला पोर्टलंडची पुन्हां आठवण झाली! नियमाप्रमाणें ती तें गांव घेऊं शकत होती. रसेलनें लवादापुढें भांडून २,०६,००० डॉलर भरपाई मिळविली. पण संघ मात्र संपला.

येथें आम्हांस आमची ओसरी आठवली. नोकरींत असतांना संस्कृतांत नापास झालेल्या मुलांसाठीं आम्हीं तेथें सायंकाळचा वर्ग चालविला होता. चौथ्या वर्षीं मुलें पास होऊं लागलीं, आणि तेव्हांच गल्लीच्या तोंडाशीं एक मोठा शिकवणीवर्ग निघाला. महिन्याभरांत ओसरी रिकामी झाली. भरपाई राहोच, निरोप घ्यावयासहि कोणी आलें नाहीं. तेव्हांपासून त्या वर्गाची गोष्ट निघाली कीं आम्ही विषय बदलीत असूं. आयुष्यांतील फसलेल्या कामांतच आम्हीं तो जमा करून टाकिला होता.

चित्रपट संपल्यावर आमच्या सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "आपल्या ओसरीसारखेंच झालें कीं हो यांचें! पण बघा, त्यांच्या नातवांनीं किती अभिमानानें सांगितलें." तो माहितीपट रसेलच्या नातवांनींच २०१४ सालीं केलेला होता.

आम्ही निरुत्तर झालों. उद्योगपर्वांतील विदुलेनें पुत्रास केलेला, अल्पकाळ कां होईना पण पेटून उठण्याचा उपदेश आम्हीं किती वर्षें मुलांस समजावून दिला! तो स्वतःस लावून पाहण्याचें मात्र कधीं सुचलें नाहीं. काम किती वर्षें टिकलें एवढेंच आम्ही मोजीत बसलों. तें चालू असतांना कोणाच्या पदरीं काय पडलें, हें विचारलेंच नाहीं.

दुसऱ्या दिवशीं माळ्यावरची जुनी हजेरीवही काढिली, धूळ झटकली, आणि धाकट्या नातवास शेजारीं बसवून त्या मुलांचीं नांवें एकेक करून वाचून दाखविलीं.